फ्रिजमधले छत्तीस हात

दहावा महिना, तिथी तीन

शूचिन, चष्मा शोधू नकोस, तुझ्या डोक्यावरच आहे. आणि ही वही कुणाची म्हणूनही विचारू नकोस. तूच दिलीस. गेल्या वर्षी माहेरी आलीस तेव्हा छत्री विसरलीस, लेकाचा एक बूट विसरलीस, पण मला वही द्यायची हे कसं कोण जाणे तुझ्या लक्षात राहिलं. "आई, रोजचं सांगत जा, कुणाकडून तरी लिहून घे, तू गेल्यावर मी वाचत बसेन," म्हणालीस. म्हणजे ही मी मेल्यावर उघडायची आहे. तेही विसरशील आणि आधीच उघडशील, म्हणून सुरुवातीलाच सांगते: आधी घरी फोन कर आणि मी मेलेय का ते नीट विचारून घे.

लिहिणारे आपले लियान गुरुजी. दुसरीत तुला कान धरून उभं करणारे तेच. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली, पण समोर कुणी बोलायला लागलं की अजून त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे जातो. मजुरी म्हणून रोज एक वाडगा अळकुड्यांचं सूप. मला अक्षर येत नाही याची मला कधी लाज वाटली नाही. माझ्या बोटांना फक्त बोटं करता येतात, आणि ती पन्नास वर्षं पुरली.

विसरली असशील म्हणून सांगते. क्वानयिन देवीचं धड साच्यातून निघतं, ते कुणीही काढेल. तिचे हात साच्यातून निघत नाहीत. पांढरी माती चिमटीत घेऊन एकेक बोट वळायचं, नखाच्या टोकाने त्याला नख द्यायचं. मग हात ओले असतानाच ओल्या धडाला जोडायचे. दोघांची ओल सारखी हवी. एक वाळका आणि एक ओला असला की भट्टीत ते नवराबायकोसारखे वेगवेगळ्या वेळी आकसतात आणि मनगटात फाटतात.

घरात सध्या धामधूम आहे. समुद्रापलीकडच्या एका देवळाने अठरा देव्या मागितल्यात. म्हणजे छत्तीस हात. हात माझे, जोडकाम बीयुनचं. आणि तुझ्या भावाने, चिंगशानने, या वेळी ठरवलंय की देवीच्या पाठीवर आपल्या घराच्या शिक्क्याखाली बीयुनचाही शिक्का उठवायचा. सून येऊन चौदा वर्षं झाली, हा तिचा पहिला शिक्का. दगड कोरून आलाय. ती तो लाल कापडात गुंडाळून ठेवते आणि कुणी बघत नाही असं वाटलं की उघडून बघते.

दुसरी बातमी, जुना फ्रिज गेला. भंगारवाल्याने दाराला सुतळी बांधून नेला. बिचारा गाडीवर चढेपर्यंत गुरगुरत होता. त्या जागी बीयुनने नवा आणलाय. दोन दारांचा, माझ्याहून उंच, आपल्या देव्यांइतकाच पांढरा, आणि तोही भट्टीत न जाता. आत बर्फ म्हणून साचत नाही. जुन्याचा बर्फ मी पळीने खरवडून काढायची, ते काम गेलं.

ती म्हणाली, "आई, यात माती ठेवायची नाही हं. यात फक्त खायचं."

मी म्हटलं, "जुन्यात अकरा वर्षं वर कोबी आणि खाली देवीचे हात ठेवले. कुणाला काही झालं का?"

"हा वेगळा आहे. हातांसाठी मी झाकणाचे डबे आणलेत. खाली ओलं फडकं घालायचं."

डबे! आणि तेही भाताचे. देवीचे हात भाताच्या डब्यात ठेवायचे म्हणे. नवी वस्तू आहे, जपते आहे, तिचं तिला लखलाभ.

आपल्याकडे कला लेकीला देत नाहीत, लेक ती सासरी घेऊन जाते. सुनेला देतात. म्हणून तुला बोटं शिकवली नाहीत. बीयुनला शिकवेन की. घाई काय आहे?

दहावा महिना, तिथी बारा

वारा सुटलाय. उत्तरेचा, कोरडा. अंगणात टाकलेलं धुणं तासाभरात पापडासारखं होतं. छत्तीस हात काल पुरे झाले. नऊ दिवस लागले. पूर्वी चार लागायचे. माझा उजवा अंगठा आता दुपारनंतर ऐकत नाही, पण हे कुणाला सांगितलेलं नाही.

गुरुजी, पुढचं लिहू नका. तुमच्या पोटात ठेवा.

काल संध्याकाळी सगळे बाहेर गेल्यावर मी हातांच्या दोन्ही ताटल्या नव्या फ्रिजमध्ये ठेवल्या. खालच्या खणात, कोबीच्या मागे. वाटलं, सकाळी दाखवीन हिला, बघ, काय झालं तुझ्या फ्रिजला? पहाटे उठून ताटल्या काढल्या. बोटांची टोकं पांढरीफटक, कडक. नख मारलं तर कीस पडला. या फ्रिजमध्ये आत वारा फिरतो म्हणे, बर्फ साचत नाही तो त्यामुळेच. ओल चाटून पुसून खातो. हे बीयुनला माहीत होतं.

फेकून द्यायला हवे होते. कुणी नवी पोर असं करून आली असती तर मीच तिचे हात पुन्हा मळायच्या मातीत टाकून दिले असते. पण पुन्हा नऊ दिवस कुठून आणायचे? आणि काय सांगायचं? मी ओलं फडकं घेतलं, पाणी शिंपडलं, तासभर झाकून ठेवले. वरून पुन्हा मऊ दिसायला लागले. वाळलेली माती वरून ओली केली तरी आतून ती वाळलेलीच असते, हे मीच चिंगशानला त्याच्या आठव्या वर्षी शिकवलं होतं.

बीयुनला ताटल्या दिल्या. तिने एक हात उचलला, तळव्यावर ठेवून जरा वेळ पाहिला. म्हणाली, "आई, रात्री कुठे होते हे?"

मी म्हटलं, "डब्यात. तुझ्याच."

ती "बरं" म्हणाली आणि जोडायला बसली. नंतर स्वयंपाकघरात आले तर ती फ्रिजचा खालचा खण पुसत होती. दोनदा पुसला. नवी वस्तू, कौतुक असतं.

आता पुढे लिहा गुरुजी. आज वारा होता. छत्तीस हात पुरे झाले. बस्स, एवढंच.

दहावा महिना, तिथी चोवीस

आज भट्टी उघडली.

अठरांतल्या अकरा देव्यांची मनगटं फाटली. काहींचे हात खाली पायाशी पडले होते, बोटं मात्र एकही मोडलं नव्हतं. माझी बोटं अशीच असतात. हे मनात आलं आणि माझी मलाच किळस आली.

चिंगशानने एक पडलेला हात उचलून मनगटाशी निरखला. मग म्हणाला, "जोडाशी गेलंय सगळं." आणि बीयुनकडे पाहिलं. पोरगा वाईट नाही. पण भट्टीतून तुटकी देवी निघाली की माणूस कुणाकडे तरी बघतोच.

बीयुनने माझ्याकडे पाहिलं. मला वाट करून देत असल्यासारखं पाहिलं. तेव्हा मी म्हटलं, हे गुरुजी तुम्ही लिहू नका, मी म्हटलं, "जोड जरा कच्चाच वाटत होता मला."

शूचिन, घरचा नियम तुझ्या लक्षात असेल, तुझ्या आजोबांचा. ज्याच्या हातून बिघडलं, त्याच्याच हातून फुटलं पाहिजे. सदोष माल घराबाहेर जाऊ नये आणि चूक करणाऱ्याच्या हाताला ती कळावी म्हणून. हा नियम मी स्वतः किती जणांना लावला! कामाला येणाऱ्या एका मुलीने तर फोडता फोडता इतकी रडारड केली, तरी मी तिच्या हातातून हातोडा घेतला नाही.

बीयुनने हातोडा घेतला. मागच्या अंगणात एकेक देवी नेली. मी दारात उभी होते. हात ॲप्रनखाली. ठोका पडला की पांढरा आवाज होतो, पातळ, वाटी पडल्यासारखा. ती रडली नाही. मी ठोके मोजत होते. दहाच भरले. वय झालं, मोजण्यात एखादा सुटतो.

नंतर झाडून, तुकडे गोणीत भरून, हात धुऊन ती आत आली आणि तिने भात लावला. तिचा शिक्का चिंगशानने कपाटात ठेवला. वरच्या खणात, माझा हात पोचत नाही तिथे.

दहावा महिना, तिथी सत्तावीस

तुझा फोन आला होता. तू विचारलंस, आईचा आवाज असा का. मी सांगितलं, बीयुनच्या जोडकामात अकरा देव्या गेल्या. तू लगेच तिला फोनवर बोलावलंस. काय बोललीस ते पलीकडून मला ऐकू आलं, तुझा आवाज लहानपणापासून दांडगाच आहे. "आईच्या पन्नास वर्षांच्या हातांना बट्टा लावलास," म्हणालीस. बीयुन "हो ताई, हो ताई" करत होती. मी शेंगा सोलत होते. सोललेले दाणे टरफलांत टाकत होते आणि टरफलं वाडग्यात, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

गुरुजी, हेही गाळा. गुरुजी फार शहाणे आहेत, नको ते बरोबर गाळतात. नुसती मान हलवतात आणि पेन चालतच असतं, बहुतेक आधीचं नीट करत असतील.

बीयुन आज बसने खाली नान-आनला जाऊन आली. तिथे बेसिनचा आणि कमोडचा कारखाना आहे. माल तपासायला बाई हवी आहे, अकराव्या महिन्याच्या पंधरापासून. ती हो म्हणून आली.

चिंगशान म्हणाला, "घरचं काम सोडून कमोड पुसणार?"

ती म्हणाली, "पांढरंच असतं तेही. आणि त्याला हात नसतात."

तिने हे हसत सांगितलं, म्हणून मीही हसले. मग मला माझं हसू ऐकू आलं.

अकरावा महिना, तिथी एक

गुरुजींच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय, ते उद्या लेकाकडे चाललेत. दोन महिने तरी येणार नाहीत. म्हटलं, मग वही तोवर बंद.

"बंद कशाला?" म्हणाले. "घरात लिहिणारी आहे."

"कोण?"

"बीयुन. अक्षर चांगलं आहे तिचं, माझीच विद्यार्थिनी."

मी म्हटलं, तिला कामं असतात. तर हा माणूस सूप संपवून उठला, वाडगा स्वतः धुतला, पुन्हा लिहायला बसला आणि म्हणतो, जाता जाता वही सरळ बीयुनच्या हातात देऊन जातो. गावात एवढी लिहिणारी माणसं आहेत, हिच्याच हातात का द्यावी? म्हाताऱ्याला डोळ्यांबरोबर पोच पण कमी झालीय.

तरी बरं, वही स्वच्छ आहे. वारा आणि छत्तीस हात, एवढंच.

अकरावा महिना, तिथी चार

आजपासून बीयुन लिहिते आहे. लिही: आज हवा थंड. कोबी चांगला निघाला.

काय बघतेस मागची पानं?

ती म्हणते, गुरुजींचं अक्षर सुंदर आहे.

असेल. मला सगळी अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. बरं, लिही: शूचिन, तुझा भाचा शाळेत पडला, गुडघा खरचटला, काळजी नको. झालं? एवढ्याला इतका वेळ लागतो? पेन बंद आहे का? डोळ्यांत काय गेलं?

ती म्हणते, मातीचा कण.

अकरावा महिना, तिथी सहा

आज काही नाही. वारा.

(हे मागाहून लिहून घेतलं: मी आणखी सांगणार होते. बीयुन पेन धरून बसली होती, बराच वेळ बसली होती. मी म्हटलं, उठ, भात करपेल. भात अजून लावलेलाच नव्हता.)

अकरावा महिना, तिथी नऊ

बीयुनने बॅग भरायला काढलीय. गुलाबी चाकांची. तिच्या लग्नात तूच दिलेली, शूचिन, तुझ्या लक्षात नसेल.

उद्या तोंगचीचा सण, दिवस मोठा व्हायला लागतो तो. आम्ही दोघी तांदळाच्या पिठाचे गोळे वळत होतो. ती गोळे वळते ते अगदी एकसारखे. मी तिच्या बोटांकडे बघत होते. हलकी बोटं आहेत. चौदा वर्षांत मी ती कधी नीट बघितलीच नव्हती. म्हणजे बघितली होती. म्हणूनच शिकवलं नाही. ती माझ्यापेक्षा चांगले हात करेल हे मला तिच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. मग मी काय करायचं? दाराला सुतळी बांधून घ्यायची?

म्हटलं, "बीयुन, हात धू आणि वही आण."

आणली. आता लिही. मी जे म्हणेन ते सगळं लिही, मी मागाहून नको म्हटलं तरी.

शूचिन, देव्या बीयुनच्या जोडाने फुटल्या नाहीत. हात वाळलेले होते. मी ते नव्या फ्रिजमध्ये ठेवले. तिने बजावलं होतं तरी ठेवले, तिला खोटं पाडायला ठेवले. मग वरून पाणी मारून तिला दिले. डब्यात होते म्हणून खोटं सांगितलं. भट्टीपुढे तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा बोलायचं होतं, तर जोड कच्चा म्हणाले. तिने हातोडा उचलला तेव्हा बोलायचं होतं, तेव्हा मी ठोके मोजले. तुझा फोन आला तेव्हा मी शेंगा सोलल्या. लिहिलंस?

ती म्हणते, "जरा हळू, आई. पेन सरकत नाहीये."

हळूच सांगते. घाई तर मी कधीच केली नाही, बघ ना.

सगळं लिहून झाल्यावर मी म्हटलं, "आता हे चिंगशानला वाचून दाखव."

तिने पेनाचं टोपण लावलं. "नाही."

"का? तुझ्याच भल्याचं आहे."

"मी वाचलं तर तो म्हणेल, हिनेच लिहिलंय. लिहिणारी मीच आहे ना? हे तुमच्या तोंडून जायला हवं, आई."

मग तिने टोपण परत काढलं आणि आत्ताचं हेही लिहिलं. ही बाई काहीही गाळत नाही. गुरुजींची सर नाही हिला.

अकरावा महिना, तिथी दहा. तोंगची

पूर्वजांना गोळे दाखवून आम्ही जेवायला बसलो. मी पहिला गोळा तोंडात घातला आणि तो खाली जाईना. आजवर मी लोकांना सांगत आले की तोंगचीचा गोळा खाल्ल्याशिवाय वय वाढत नाही. म्हटलं, मग थांबा, हे याच वयात सांगून टाकू.

सांगितलं. चिंगशानला, नातवाला, आणि भिंतीवरच्या तुझ्या बाबांच्या फोटोलाही. कालच्यासारखं धड जमलं नाही. मधेच म्हणाले, "वारा कोरडा होता," "अंगठा दुखत होता." बीयुनने माझ्याकडे बघितलं. मग मी ते मागे घेतलं. "वाऱ्याचा काही संबंध नाही. मी केलं."

चिंगशान म्हणाला, "आई, त्या अकराही देव्या हिने फोडल्या."

"हो."

"तू दारात उभी होतीस."

"हो."

तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, जेवण टाकून गेला. पण तो हातोडा घेऊन आला आणि टेबलावर, गोळ्यांच्या पातेल्याशेजारी ठेवला. माझाच लेक, माझाच नियम. "पण फोडायला आता काही उरलं नाही," म्हणाला.

"उरलंय," बीयुन म्हणाली.

ती आत गेली आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. अकरावी. दोन्ही मनगटं तुटलेली, हात वेगळे बांधून ठेवलेले. म्हणाली, "ही तुमची, आई. तेव्हाच बाजूला ठेवली होती."

म्हणजे मी मोजण्यात चुकले नव्हते. आणि म्हणजे हिला भट्टीपाशीच कळलं होतं. पंधरा दिवस माझा भात वाढत होती, माझे पाय चेपत होती, आणि वाट बघत होती. मला कुणी तोंडावर शिव्या घातल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं, तोंड आहे मला. या वाट बघण्याला काय उत्तर देणार?

देवी घेऊन मी मागच्या अंगणात गेले. माझ्या या अंगठ्याने दोन-तीन ठोके तरी लागतील असं वाटत होतं, एकातच गेली. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. तुकडे मीच झाडले. वाकायला वेळ लागला, पण मदतीला कुणी आलं नाही आणि ते बरोबरच होतं.

परत आले तर चिंगशान बायकोच्या वाडग्यात स्वतःचे गोळे टाकत होता. एक, दोन, सगळे. त्याला माफी मागता येत नाही, त्याच्या बापालाही यायची नाही. मग स्टुलावर चढून त्याने शिक्का काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

तिने तो मागे सरकवला.

"हात माझे नसतील तर शिक्का माझा नको," म्हणाली. "मला जोडायला नको, वळायला शिकवा. पहिल्या बोटापासून. मग उठवेन."

"आणि नान-आन?"

"ते तुमच्यावर. मी रागावून चालले नव्हते, आई. तिथे निदान एक बरं आहे. भांडं फुटलं तर कुणामुळे फुटलं ते त्याच दिवशी लिहून ठेवतात."

अकरावा महिना, तिथी पंधरा

आज गुलाबी बॅग माळ्यावर गेली. चिंगशानने देवळाला सगळं खरं कळवलं, म्हणजे माझं नाव घेऊन कळवलं. ते वसंतापर्यंत थांबायला तयार आहेत. देवळातल्या पुजारीबुवांनी विचारलं म्हणे, त्या आजी बऱ्या आहेत ना? समुद्रापलीकडे माझी अशी कीर्ती झाली.

सकाळपासून बीयुनला करंगळी शिकवतेय. सगळे तर्जनीपासून सुरू करतात, पण करंगळी जमली की उरलेली चार तिच्या मागून येतात. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत तिच्या नऊ करंगळ्या वाकड्या झाल्या. मला आनंद झाला. दहावी झाली ती माझ्या आजवरच्या कुठल्याही करंगळीपेक्षा चांगली. मी जरा वेळ दुसरीकडे बघत बसले, आणि मग तिला तसं सांगितलं. सांगता सांगता माझे कान तापले. या वयात माणूस लाजतो तो असा.

ती करंगळी आम्ही डब्यात ठेवली. भाताच्या. ओल्या फडक्यावर. बीयुन म्हणते, सकाळी अगदी तशीच मऊ निघेल.

शूचिन, ही वही आता मी मरेपर्यंत ठेवत नाही. उद्याच्या बसने तुझ्याकडे येईल. तू बीयुनला काय म्हणालीस ते तू विसरली असशील, ती विसरलेली नाही. गुरुजींनी मधलं ते सगळं गाळलं हे एक बरं झालं, नाहीतर तुला माझं पाप दोनदा वाचावं लागलं असतं. बीयुन, हसायला काय झालं? लिही.

तिला फोन कर. मला नंतर केलास तरी चालेल. आणि तुमच्याकडच्या समुद्राचं खायचं पाठव: कालवं, सोललेली, बर्फात घालून, माशाचे गोळे, ते मोठे, आत मांस भरलेले, दोन पिशव्या. पार्सलवर तिचं नाव घाल, माझं नको. जागेची काळजी करू नकोस. फ्रिज मोठा आहे आणि आता त्यात फक्त खायचंच ठेवतात.